सांभाळल्याची खूण

जुन्या गाडीची किंमत विचारायला माणूस येतो तेव्हा त्याच्या मनात एक आकडा आधीच पक्का झालेला असतो. कुणी मोबाइलवर जाहिरात बघितलेली असते. कुणाला लग्नात भेटलेल्या पाहुण्यानं सांगितलेलं असतं, ‘तुमच्या आजोबांच्या गाडीला आता दोन लाख कुठं गेलेत!’ उलटंही होतं. दारावर आलेल्या भंगारवाल्यानं वजनावर काहीतरी सांगितलेलं असतं आणि घरच्यांनी तेच खरं धरलेलं असतं. मी यातल्या कुठल्याच आकड्याशी वाद घालत नाही. आधी गाडी बघतो.

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात माझं गॅरेज आहे. दुचाकी दुरुस्ती हाच धंदा, त्यातही जुन्या गाड्या जास्त. जावा, येझदी, राजदूत, लोखंडी इंजिनाची बुलेट, आरएक्स १००. आमच्या भागात ऑइल इंजिनांच्या काळापासून लेथवर हात बसलेली माणसं आहेत. बोर मारणं, क्रँक प्रेसवर दाबून घेणं, न मिळणारा पार्ट नमुन्यावरून करून घेणं, सगळं चार गल्ल्यांत होतं. त्यामुळं लांबलांबून गाड्या येतात. पूर्वी त्या दुरुस्तीलाच यायच्या. अलीकडं बऱ्याच गाड्या नुसत्या दाखवायला येतात. ‘मिस्त्री, जरा बघून सांगा की, किती येतील हिचे?’

या कामात मी एक नियम पाळतो. ज्या गाडीची किंमत सांगितली ती मी स्वतः घेत नाही, आणि विकून देण्याची दलालीही घेत नाही. बघण्याचे ठरलेले पैसे घेतो आणि आकडा सांगून मोकळा होतो. ज्याला गाडी घ्यायची आहे त्याच्याच तोंडून तिची किंमत ऐकून लोकांनी चांगल्या चांगल्या गाड्या मातीमोलानं दिलेल्या मी बघितल्या आहेत. घरातला कर्ता माणूस गेल्यावर तर हे फार होतं. म्हणून हा नियम मला धंद्यापेक्षा मोठा वाटतो.

लोकांचा पहिला समज असा की गाडी जितकी जुनी तितकी किंमत जास्त. तसं नसतं. महायुद्धाच्या वेळची बीएसए एम-२० कागदोपत्री कितीही मानाची असली तरी आमच्याकडं तिला गिऱ्हाईक मोजकंच. योग्य माणूस भेटला तर उत्तम दाम, नाहीतर वर्षभर वाट बघा. उलट आरएक्स १०० बघा. १९८५ ते १९९६ एवढाच तिचा काळ, शंभर सीसीला थोडं कमी पडणारं इंजिन, पण आज चांगल्या गाडीला लाखाच्या आसपास मागतात आणि देणारे देतात. कारण सरळ आहे. जी पोरं त्या वेळी कॉलेजच्या फाटकाबाहेर उभं राहून ती गाडी बघायची, त्यांच्या हातात आता पैसा आहे. राजदूत ३५० चंही तेच. यामाहाच्या आरडी ३५० वरून एस्कॉर्ट्सनं १९८३ मध्ये ती इथं आणली. तेव्हा अठरा हजारांच्या आसपास किंमत आणि पेट्रोल पिणारी म्हणून लोक लांब राहिले, काही वर्षांत ती बंद पडली. आज तिच्यासाठी लाखांच्या गोष्टी होतात. आणि साधी राजदूत १७५, जिच्या दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लावून आमच्या खेड्यांतल्या गवळ्यांनी पिढ्या काढल्या, तिला मात्र तेवढा मान नाही. तिचीच बहीण जीटीएस, १९७३ च्या ‘बॉबी’ सिनेमात दिसली म्हणून लोक तिला बॉबीच म्हणतात, तिला साध्या राजदूतपेक्षा पुष्कळ जास्त मिळतात. गवळ्याच्या राजदूतवर हा अन्याय आहे असं मला मनापासून वाटतं. पण आकडा सांगताना माझं वाटणं बाजूला ठेवावं लागतं.

हे झालं बाजाराचं, ते माझ्या हातात नाही. माझं खरं काम तिथून पुढं सुरू होतं. ‘एकदम सांभाळलेली गाडी आहे’ हे वाक्य प्रत्येक मालक बोलतो, आणि बहुतेक जण मनापासून बोलतात. पण घेणारा बोलण्याला पैसे देत नाही. सांभाळल्याची खूण गाडीवर दिसावी लागते. ती कुठं बघायची हे मी एका गाडीवरून सांगतो, कारण तिच्यात जवळजवळ सगळ्या खुणा होत्या.

भुदरगड तालुक्यातल्या एका मास्तरांची ती येझदी रोडकिंग. १९८४ ची. मास्तर हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. ते गेल्यावर दोन वर्षं गाडी पडवीत उभी होती. काकू आणि त्यांचा मुलगा ती टेम्पोत घालून घेऊन आले. शेजारच्यानं काकूंना पंचवीस हजार सांगितले होते. मुलाच्या मनात अडीच लाख होते. त्यानं आल्या आल्या विचारलं, ‘मिस्त्री, आधी रंग मारून आणू का? चकचकीत झाली की किंमत वाढेल.’ मी म्हटलं, ‘रंगाला हात लावू नका. आहे तशी बघू दे.’

मी गाडी लगेच चालू करत नाही. आधी इंजिनावर हात ठेवतो. ते गार असावं लागतं. तापलेलं इंजिन पुष्कळ गोष्टी झाकतं, आणि काही विकणारे गॅरेजच्या कोपऱ्यापर्यंत गाडी तापवून आणतात. ही टेम्पोतून उतरली होती, गारच होती. मग मी खाली बसलो आणि क्लचकव्हरच्या स्क्रूंची डोकी बघितली. ही सवय मला माझ्या उस्तादांनी लावली. स्क्रूची खाच सरळ, कडा शाबूत असल्या तर तो उघडणाऱ्यानं योग्य मापाचा स्क्रूड्रायव्हर वापरला, घाई केली नाही. खाच फाटलेली, डोकं छिन्नीनं चेपलेलं असलं तर आत कुणी काय केलं असेल याचा अंदाज बाहेरूनच येतो. मास्तरांच्या गाडीचा एकही स्क्रू चेपलेला नव्हता. चाळीस वर्षांच्या गाडीत हे सहज दिसत नाही.

स्पीडोमीटर त्रेचाळीस हजार दाखवत होता. त्या आकड्यावर मी कधीच विसंबत नाही. पाच आकड्यांचं मीटर ९९,९९९ नंतर पुन्हा शून्यावर येतं, आणि केबल तुटून वर्षानुवर्षं बंद राहिलेली मीटरं तर कितीतरी. म्हणून मी किकचा दांडा बघतो. येझदीचा किक आणि गिअर एकाच दांड्यावर असतो. आत दाबून वर फिरवला की किक होते, खाली आणला की पुन्हा गिअर. दिवसभर पाय त्याच्यावरच. त्याचं रबर, पायाखालच्या फूटरेस्टचं रबर आणि ब्रेकच्या पेडलवरच्या रेघा एकमेकांशी जुळतात का हे बघायचं. इथं तिन्ही सारखीच झिजलेली होती, आणि टाकीवर दोन्ही बाजूंना गुडघे टेकतात तिथला लाल रंग घासून विटकरी प्रायमर डोकावत होता. मीटर खरं बोलत होतं.

टाकीवरून लोहचुंबक फिरवला. खाली लांबी भरलेली असली तर चुंबक तिथं धरत नाही. सगळीकडं धरला, फक्त मागं उजवीकडं एक पोचा होता, तोही उघडाच ठेवलेला. आत टॉर्च मारला तर तळाला थोडा तांबूस गंज, पण पापुद्रे नव्हते. रिमवर बनवणाऱ्याचा शिक्का अजून वाचता येत होता. क्रोम पुन्हा मारलेल्या रिमवर तो पुसट होतो, डुप्लिकेट रिमवर नसतोच. काही गोष्टी मात्र मूळच्या नव्हत्या. दोन्ही सायलेन्सर डुप्लिकेट, पुढचं मडगार्ड बदललेलं, इंडिकेटर काढून टाकलेले, टायर कडक होऊन तडकलेले.

मग जुनं पेट्रोल काढून ताजं मिक्स घातलं, प्लग आणि पॉइंट साफ केले, कार्ब्युरेटर धुतला. थोड्या किकांत गाडी चालू झाली. टू-स्ट्रोक गाडी पहिल्यांदा धूर करणारच, दोन वर्षांचं साचलेलं तेल जळतं. बघायचं ते पाच-दहा मिनिटांनी. धूर पांढरट राहिला, थांबेना, त्याला गिअर ऑइलचा वास आला, तर क्लचच्या बाजूचं क्रँकचं सील गेलेलं असतं आणि इंजिन गिअरबॉक्सचं तेल ओढून जाळत असतं. हिचा धूर कमी झाला, पण पूर्ण गेला नाही. सील बदलावं लागणार हे मी लिहून ठेवलं. क्रँकचा आवाज मात्र स्वच्छ होता. रिकाम्या इंजिनाला हलकी रेस दिली की कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग खाल्लेलं असेल तर खालून खडखड येते, तशी काही नव्हती.

काकूंची परवानगी घेऊन मी हेड उघडलं. सगळ्यांना हे आवडत नाही, पण माझ्या मते येझदीची किंमत हेड न उघडता सांगणं म्हणजे अंदाजपंचे. सिलिंडरचा मूळ बोर ६५ मिलीमीटर. तो झिजला की बोर मारून पाव मिलीमीटर मोठा पिस्टन घालायचा, पुढं अर्धा, पाऊण, एक. पुढं स्लीव्ह घालावी लागते. पिस्टनच्या डोक्यावर त्याचं माप ठोकलेलं असतं. काळी काजळी चिंधीनं पुसली आणि खाली आकडा दिसला, ०.२५. म्हणजे एवढ्या वर्षांत फक्त एकदा बोर मारलेला. मुलाला मी तो आकडा दाखवला. त्याला त्याचा अर्थ कळला नाही, पण घेणाऱ्याला कळणार होता.

काकूंनी पिशवीतून कागद काढले. आरसी बुक मास्तरांच्याच नावावर, पहिला आणि एकच मालक. १९८४ पासूनचे विम्याचे कागद, एकही वर्ष न चुकता, आणि प्रत्येक वर्षाच्या कागदाला त्या वर्षाची दुरुस्तीची बिलं टाचलेली. क्लच प्लेट, चेन, बेअरिंग, तो एकदाचा बोर आणि पिस्टन. त्या बिलांतल्या तारखा आणि गाडीवरची झीज एकमेकांशी जुळत होती.

आता आकडा. मी एक वही ठेवतो. तिच्यात जाहिरातीतले भाव लिहीत नाही, प्रत्यक्ष झालेले व्यवहार लिहितो, तेही दोन्ही बाजूंकडून खात्री झाली तरच. जाहिरातीतला भाव म्हणजे विकणाऱ्याची इच्छा, आणि कित्येक जाहिराती वर्षभर तशाच पडून असतात. त्या वेळी आमच्या भागात कागद नीट असलेली, चालू, पण आतून काय आहे ते माहीत नसलेली रोडकिंग ऐंशी ते नव्वद हजारांत जात होती. मी पंच्याऐंशी धरले. त्यातून सायलेन्सरची जोडी, मडगार्ड, टायर, सील आणि मजुरी मिळून बावीस हजार वजा केले. राहिले त्रेसष्ट. मुलगा गप्प झाला.

मग मी त्याला पुढचा हिशेब समजावला. अनोळखी इंजिनाची गाडी घेणारा माणूस मनातल्या मनात क्रँक, बोर, पिस्टन, गिअरबॉक्सची बेअरिंगं यांचे तीस-चाळीस हजार बाजूला काढूनच ठेवतो. काढलेच पाहिजेत, कारण आत काय आहे ते त्याला माहीत नाही. इथं मात्र सगळं समोर होतं. पिस्टनचा आकडा, स्क्रूंची डोकी, बिलांची चळत. त्याची ती भीती गेली की ते पैसे गाडीच्या किमतीत येतात. त्यावर मूळ रंग, मूळ रिमा, एक मालक, याचे आणखी थोडे. म्हैसूरचा आयडियल जावाचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. तेव्हापासून कंपनीचा नवा पार्ट नाही, असेल तो कुणाच्या तरी कपाटात पडून राहिलेला जुना माल. म्हणून गाडीवर जे मूळचं शिल्लक आहे त्याला पैसे पडतात. मी म्हटलं, ‘एक लाख दहा हजार सांगा. लाखाच्या खाली देऊ नका.’ काकूंना ते जास्त वाटले, मुलाला कमी. पुढं इचलकरंजीच्या एका तरुणानं ती एक लाख पाच हजारांना घेतली. घेताना त्यानं आधी बिलं वाचली, मग गाडी बघितली.

याच्या उलट गाडीही सांगायला हवी. जुनी जावा २५०, मरून रंग, क्रीम पट्टा, हातानं ओढल्यासारख्या सोनेरी रेघा, लांबून बघितली तर डोळा हलू नये. मालकानं नूतनीकरणावर दोन लाखांच्या वर खर्च केला होता आणि त्याच्यावर थोडा नफा मिळावा एवढीच त्याची इच्छा होती. चुंबक टाकीवर निम्म्या ठिकाणी धरत नव्हता. रिमा डुप्लिकेट. चेसिसचा नंबर ठीक होता, पण इंजिननंबराची जागा घासलेली वाटत होती आणि दोन आकडे ओळीत बसत नव्हते. मी कागद ठेवून पेन्सिलीचा छाप घेतला, आरटीओच्या कामाला घेतात तसा. छापात आकड्यांची खोली कमीजास्त दिसली. कदाचित इंजिन कधीतरी प्रामाणिकपणे बदललेलं असेल आणि आधीच्या कुणीतरी त्याचा नंबर आरसीतल्या नंबराशी जुळवायला ठोकून घेतला असेल. पण पावडर कोटिंग आणि रंगाच्या थराखाली आता कसलाच पत्ता लागत नव्हता. मी त्याला खर्चापेक्षा पुष्कळ कमी आकडा सांगितला. तो रागावला, आणि त्याचा राग मला समजला. पण केलेला खर्च ही किंमत नसते. घेणाऱ्यानं तुमच्या खर्चाची भरपाई का करावी?

नूतनीकरणाला माझा विरोध नाही. मी स्वतः कितीतरी गाड्या उभ्या केल्या आहेत. गंजून मोडायला निघालेल्या गाडीला दुसरा उपायच नसतो. मात्र काम करताना प्रत्येक टप्प्याचे फोटो काढा, उघडा पत्रा, उघडं इंजिन, नंबरांच्या जागा, आणि काढलेले मूळ पार्ट मोडके असले तरी खोक्यात जपून ठेवा. अशा गाडीला मी निर्धास्तपणे चांगला आकडा सांगतो.

कागदांचं एक सांगून ठेवतो, कारण सगळ्यात जास्त पैसा तिथं बुडतो. महाराष्ट्रात १९८९ आधीच्या गाड्यांचे जुने तीन अक्षरी नंबर आहेत, आणि त्यांची हातानं लिहिलेली आरसी बुकं अनेकदा ऑनलाइन नोंदीत आलेलीच नसतात. ती नोंद होईपर्यंत गाडी नावावर होत नाही. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण लागतं, पर्यावरण कर भरावा लागतो, आणि १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना एचएसआरपी पाटीही सक्तीची झाली आहे. मालक हयात नसेल तर आधी वारसाच्या नावावर गाडी करावी लागते, फॉर्म ३१ वर. मग विक्रीचे फॉर्म २९ आणि ३०. मास्तरांच्या गाडीचंही आधी तेच करून घ्यायला लावलं. कागद नसलेली गाडी कितीही सुंदर असो, मी तिची किंमत पार्टांच्या हिशेबानंच धरतो. आणि लोक ‘विंटेज’ म्हणून आणतात त्यातल्या बऱ्याच गाड्या कायद्यानं विंटेज नसतात. २०२१ च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला ५० वर्षं होऊन गेलेली आणि मूळ रूपात असलेलीच गाडी त्यात बसते. तिला ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो, नव्या नोंदणीची फी २० हजार, मुदत दहा वर्षं, पण ती रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही. रोज चालवायची हौस असलेल्या गिऱ्हाइकाला अशी नोंदणी अडचणीचीच.

विम्याच्या कागदावरचा आकडा दाखवूनही लोक भांडतात. पाच वर्षांवरच्या गाडीला तो आकडा विमा कंपनी आणि मालक आपसांत ठरवतात. त्याचा बाजारभावाशी संबंध असेलच असं नाही.

तुमच्या घरात अशी एखादी गाडी उभी असेल आणि ती विकायची ठरली असेल, तर तिला रंगाऱ्याकडं नेऊ नका. आधी आरसी बुक शोधा, जुनी बिलं आणि विम्याचे कागद एकत्र करा, टूलकिट आणि काढून ठेवलेले पार्ट माळ्यावर असतील तर खाली उतरवा. वारसाचं काम राहिलं असेल तर ते पूर्ण करा. मग जो स्वतः ती गाडी घेणार नाही अशा जाणत्या मिस्त्रीला बोलवा, आणि त्यानं हेड उघडायची परवानगी मागितली तर द्या.